‘हंबल’मधला ‘ब’ कुठून आला?

प्रश्न असा आहे : ‘एका कार्यक्रमात वक्त्यांनी सांगितलं की इंग्रजीतला हंबल, म्हणजे नम्र, हा शब्द ह्यूमस, म्हणजे मातीवरून आला. ह्यूमन, ह्यूमर आणि हंबल हे तिघं एकाच मातीतले भाऊ, असंही ते म्हणाले. हे खरं का? तसं असेल तर ह्युमिलिएट म्हणजे अपमान करणं, हे त्याच घरात कसं? आणि हंबल पाय (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) खायला लागणं, म्हणजे अपमान गिळून नमतं घ्यावं लागणं, या वाक्प्रचाराचं काय?’

वक्त्यांचं बरंचसं बरोबर आहे. हंबल मातीतलाच. ह्यूमनचं नातंही खरं आहे, त्यातला दीर्घ ‘ऊ’ कसा आला यावर भाषाभ्यासकांचं अजून एकमत नसलं तरी. ह्यूमर मात्र मातीतला नाही, तो पाण्यातला. लॅटिनमध्ये ‘उमोर’ म्हणजे ओल, द्रव. त्याला ‘ह’ चिकटला तोच मुळी कोणाला तरी तो ‘हुमुस’चा नातेवाईक वाटला म्हणून. ह्यूमिड म्हणजे दमट, याचीही तीच गत. भाषणात तिघं भाऊ म्हणून उभे केले की छान दिसतात, पण एक पाहुणा आहे. हंबल पायमधला हंबल तर भलत्याच घराण्यातला, त्याकडे नंतर येतो.

मी वीसेक वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद आणि कोशाचं काम करतो आहे. हंबल हा शब्द समोर आला की अजूनही पेन थांबतं. का थांबतं ते शब्दाचा इतिहास पाहिल्यावर कळेल.

लॅटिनमध्ये ‘हुमुस’ म्हणजे जमीन आणि ‘हुमिलिस’ म्हणजे जमिनीलगतचा. नम्र वगैरे काही नाही, निव्वळ उंचीची गोष्ट. रोमन कवी व्हर्जिल एका कवितेत झाऊच्या ठेंगण्या झुडपांना हुमिलिस म्हणतो. त्याच्याच महाकाव्यात लांबच्या प्रवासानंतर खलाशांना पहाटे समुद्रातून इटलीचा किनारा दिसतो, तेव्हा ती इटलीही हुमिलिस आहे. इथे कोणी ‘नम्र इटली’ असं भाषांतर केलं तर हसू येईल. आपल्याकडे पावसाळ्यात ‘सखल भागात पाणी साचले’ अशी बातमी येते ना, तो ‘सखल’ म्हणजे व्हर्जिलचा हुमिलिस.

जमिनीबद्दल वापरलेला शब्द माणसाला लावला की तो हमखास खाली घसरतो. संस्कृतातला ‘नीच’ आधी फक्त ‘खालचा’ होता. ज्योतिषी आजही एखादा ग्रह नीचीचा आहे म्हणतात तेव्हा त्या ग्रहाला शिवी देत नसतात. पण माणसाला नीच म्हटलं की भांडण होतं. हुमिलिसचंही तसंच झालं. रोमन वक्ता सिसेरोच्या काळात एखाद्याला हुमिलिस म्हणणं म्हणजे तो हलक्या कुळातला, क्षुद्र, कण्याचा कच्चा असं म्हणणं. ‘हुमिलितास’ हा गुण नव्हताच, ती एक अवस्था होती आणि कोणालाही नको असलेली. रोमन सरदाराला सांगितलं असतं की दोन हजार वर्षांनी लोक बक्षीस घेताना हा शब्द स्वतःहून स्वतःला लावतील, तर त्याचा विश्वास बसला नसता.

आपला ‘नीच’ खालीच राहिला आणि हुमिलिस वर आला, हा फरक का पडला? कारण तो भाषांतरकारांच्या हाती लागला. बायबलच्या नव्या करारातली पत्रं आणि शुभवर्तमानं ग्रीकमध्ये होती आणि त्यांत ‘तापेइनोस’ हा शब्द होता. तोही ग्रीकांच्या रोजच्या बोलण्यात हलकाच. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तो कौतुकाने वापरला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन बायबलवर काम केलं, त्यात या शब्दाच्या जागी हुमिलिसचं कुटुंब आलं : देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि हुमिलिस लोकांवर कृपा करतो. मग सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले आणि त्यातलं सातवं प्रकरण पूर्णपणे हुमिलितासला दिलं. त्यात बारा पायऱ्यांची शिडी आहे. गंमत म्हणजे ही शिडी उलटी चालते. स्वतःला उंच मानणारा तिच्यावरून खाली येतो आणि स्वतःला खाली मानणारा वर चढतो. जमिनीलगतच्या शब्दाला शिडी लावून वर नेण्याचं काम मठांनी शतकानुशतकं केलं.

मातीशी नातं आहे हे तेव्हाच्या लोकांनाही जाणवत होतं. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरने शब्दांच्या व्युत्पत्तींचा मोठा ग्रंथ केला. त्यात तो हुमिलिसची फोड ‘जणू जमिनीकडे कललेला’ अशी करतो आणि ‘होमो’ म्हणजे माणूस हा शब्दही हुमुसवरून आला असं सांगतो. इसिदोरच्या बऱ्याच व्युत्पत्ती आज हास्यास्पद ठरल्या आहेत, ही मात्र टिकली. त्याहून मजेशीर म्हणजे त्याच्या पाचेकशे वर्षं आधी क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या शिक्षकाने हीच व्युत्पत्ती थट्टेवारी नेली होती. मातीतून जन्मला म्हणून माणूस होमो, तर बाकीचे प्राणी काय दुसरीकडून आले, असा त्याचा रोख. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त निष्कर्ष चुकला. व्युत्पत्तीत हे फार वेळा होतं : तर्क शहाण्याच्या बाजूने असतो आणि पुरावा भाबड्याच्या.

लॅटिन, ग्रीक, संस्कृत, फारसी, रशियन या भाषांची जी एक आदिम आजी अभ्यासकांनी तुलनेतून उभी केली आहे, तिच्यात जमिनीसाठी एक जोडाक्षरांनी गच्च भरलेला धातू होता. ‘ध’, ‘घ’ आणि ‘म’ यांची मोळी म्हणा. ती मोळी प्रत्येक घरात वेगळी सुटली. लॅटिनमध्ये हुमुस झाली, रशियनमध्ये झेम्ल्या, संस्कृतात ‘क्ष्मा’, आणि इराणी शाखेत ‘झम’, ज्यावरून फारसी ‘जमीन’. होय, आपली जमीन. सातबाऱ्यावर जिच्यासाठी भावाभावांत दावे चालतात ती जमीन आणि हंबल हे दूरचे पण अस्सल नातलग आहेत. एखाद्याला एवढं यश मिळूनही पाय जमिनीवर आहेत, असं आपण म्हणतो तेव्हा नकळत हंबलचीच मूळ कल्पना, त्याच्याच चुलत शब्दाने बोलत असतो.

इथे एक सावधगिरी. संस्कृतात ‘क्षमा’ म्हणजे पृथ्वीही आणि माफीही, म्हणून पृथ्वी सगळं सोसते तीच क्षमा, तोच हंबल, असा पूल बांधायचा मोह होतो. कवीने बांधावा. कोशात मात्र सोसणे या अर्थाचा ‘क्षम्’ धातू आणि जमीन या अर्थाचं नाम वेगळे मांडतात, आणि मी त्यांना एकत्र करणार नाही.

ग्रीक घरातली दोन पोरं तुमच्या ओळखीची आहेत. ‘खामाइ’ म्हणजे जमिनीवर. रंग बदलणारा सरडा म्हणजे कमीलियन, हा मुळात ‘जमिनीवरचा सिंह’. आणि हल्ली चहाच्या पुड्यांवर दिसणारं कॅमोमाइल हे ‘जमिनीवरचं सफरचंद’, त्या फुलाच्या वासावरून. इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक घरातही हाच धातू होता, ‘गुमा’ म्हणजे माणूस असा. नवरदेवाला ‘ब्रिडगुमा’ म्हणत. पुढे गुमा कोणाला कळेना, म्हणून लोकांनी त्याच्या जागी ‘ग्रूम’ म्हणजे पोऱ्या बसवला आणि ब्राइडग्रूम तयार झाला. लग्नपत्रिकेतसुद्धा माती आहे, फक्त लपलेली.

आता शीर्षकातला ‘ब’. लॅटिनमध्ये तो नाही, हुमिलिसमध्ये ‘म’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये ‘इ’ आहे. फ्रेंच तोंडात ती इ झिजून गेली आणि ‘म’ला ‘ल’ थेट भिडला. ‘म्ल’ सावकाश उच्चारून पाहा. ‘म’साठी ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जात असते. ‘ल’साठी नाकाची वाट बंद करून ओठ उघडायचे असतात. नाक जरा आधी बंद झालं आणि ओठ मिटलेलेच राहिले की त्या क्षणभरात जो आवाज होतो तो ‘ब’. कोणी ठरवून घातलेला नाही. संस्कृत आम्लचं आपल्याकडे काय झालं? आंबट, आंबील. आम्रचं आंबा. ताम्रचं तांबं. प्राकृत बोलणाऱ्यांच्या ओठांनी जे केलं तेच जुनी फ्रेंच बोलणाऱ्यांच्या ओठांनी केलं. हंबलमधला ‘ब’ आणि आंब्यातला ‘ब’ रक्ताचे नातेवाईक नाहीत, पण एकाच कारखान्यात बनलेले आहेत. विद्यार्थ्यांना मी ध्वनिबदल शिकवतो तेव्हा इथूनच सुरुवात करतो. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये इ टिकली, त्यामुळे तिथे ‘ब’ची गरजच पडली नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांना विचारा, ते ‘उमिल्द’ म्हणतील. तिथला ‘द’ वेगळ्या वाटेने आला.

इंग्लंडात १०६६ नंतर नॉर्मन आले, त्यांची फ्रेंच आली आणि तेराव्या शतकात हंबल इंग्रजी लिखाणात दिसू लागला. ह्युमिलिटी चौदाव्याच्या सुरुवातीला. त्याआधी इंग्रजांकडे नम्रतेला शब्द नव्हता असं नाही. ‘एअथमोद’ असा सुंदर जुना शब्द होता. ‘एअथे’ म्हणजे सोपं, सहज आणि ‘मोद’ म्हणजे मन, आजचा मूड. नम्र तो कोण, तर ज्याचं मन सहज वाकतं, ज्याच्याशी वागायला जड जात नाही. डच भाषेत त्याचा भाऊ ‘ओटमूट’ अजून जिवंत आहे. मला हा शब्द हंबलपेक्षा आवडतो. त्यात वर-खाली ही भानगडच नाही. आपला ‘नम्र’ त्याच्या जवळचा, कारण नम् म्हणजे वाकणं. वाकायला माणूस खालच्या पायरीचा असावा लागत नाही.

जुना शब्द लगेच हटला नाही. शिवाय मध्ये उत्तरेकडच्या व्हायकिंगांच्या भाषेतून ‘मीक’ आला होता, मूळ अर्थ मऊ. १३८० च्या दशकात विक्लिफच्या मंडळींनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा त्या गर्विष्ठांच्या वचनात समोर हुमिलिस असूनही त्यांनी ‘मीक’ लिहिलं. त्याच काळात चॉसर हा कवी मात्र ‘हंबलेस’ असं फ्रेंच वळणाचं नाम बिनदिक्कत वापरत होता. १६११ च्या जेम्स राजाच्या बायबलात त्याच वचनात ‘हंबल’ आला, आणि चर्चमध्ये दर आठवड्याला कानावर पडणाऱ्या शब्दाला मग कोण हटवणार? मराठी बायबलात मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःला मनाचा ‘सौम्य’ व ‘लीन’ म्हणवतो. लीन म्हणजे विरघळलेला, चिकटून एकरूप झालेला. म्हणजे माती नाही, मऊपणा नाही, वाकणं नाही, चौथीच प्रतिमा. प्रत्येक भाषेने या गुणाला वेगळ्या टोकाने धरलं आहे.

‘ह’ची गोष्ट थोडी वेगळी. फ्रेंच लोक तो उच्चारत नव्हतेच, त्यामुळे इंग्रज कित्येक शतकं ‘अंबल’च म्हणत. लिखाणात कधी ‘ह’ असे, कधी नसे. जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात ‘ह’ मुका असलेल्या शब्दांची छोटी यादी आहे. तिच्यात ऑनेस्ट, अवर हे तर आहेतच, पण हंबल आणि हॉस्पिटलसुद्धा आहेत. पुढे शाळा वाढल्या, लोक लिहिलं तसं बोलू लागले आणि ‘ह’ परत आला. नेमक्या या बदलाच्या काळात, १८४९-५० मध्ये डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ क्रमशः आली. तिच्यातला युराया हीप हात चोळत सतत ‘अंबल’ म्हणत राहतो आणि आतून सगळ्यांना गिळायला बसलेला असतो. त्या पात्रामुळेच मुका ‘ह’ बदनाम झाला असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, बदल आधीच सुरू झाला होता. पण त्यानंतर सभ्य माणसाला ‘अंबल’ म्हणताना जरा जपून म्हणावं लागलं असेल.

आणि हा मुका ‘ह’ लक्षात ठेवला की पायचं कोडं सुटतं. हरणाच्या आतल्या भागांना, काळीज-वजडीला म्हणा ना, फ्रेंचमधून आलेला शब्द होता ‘नंबल्स’. मूळ लॅटिन ‘लुंबुस’, म्हणजे कंबर. इंग्रजीत त्याच्या आधी ‘अ’ हे उपपद लागे आणि ‘अ नंबल’ ऐकणाऱ्याला ‘अन अंबल’ वाटे. ‘न’ एका शब्दातून उडी मारून दुसऱ्यात गेला. ही उडी इंग्रजीत काही एकट्याने मारलेली नाही. एप्रन आधी ‘नेप्रन’ होता, आणि क्रिकेटच्या मैदानावरचा अंपायर ‘नंपेअर’ होता, म्हणजे दोघांच्या बरोबरीचा नसलेला तिसरा. तर हरणाच्या वजडीचा पाय तो ‘अंबल पाय’. तो गरिबांचंच खाणं होता, मांस मालकाला आणि आतडी नोकराला, अशी एक कथा सांगतात. पण लंडनमधला नौदलाचा बडा अधिकारी सॅम्युएल पीप्स जुलै १६६३ च्या रोजनिशीत लिहितो की मिसेस टर्नर यांनी भट्टीतून काढलेला गरमागरम अंबल पाय आणला आणि तो फारच छान होता. त्यात अपमान कुठेच नाही.

अपमान आला तो कोटीमुळे. ‘अंबल’ म्हणजे वजडी आणि ‘अंबल’ म्हणजे दीन, दोन्ही कानाला एकच. १८३० च्या एका इंग्लिश बोलीकोशात ‘हंबल पाय खायला लावणं’ म्हणजे एखाद्याचा आवाज खाली आणायला लावणं, असा वाक्प्रचार नोंदलेला आहे. युराया हीपच्या तोंडीही डिकन्सने तो पाय चवीने खाल्ल्याचं वाक्य घातलं आहे. पुढे ‘ह’ उच्चारला जाऊ लागला, वजडीचा शब्द विसरला गेला, आणि उरला तो फक्त एक न समजणारा पदार्थ. जाता जाता : पूर्वी इंग्रजीत भुंग्यालाही ‘हंबल-बी’ म्हणत. डार्विनने १८५९ च्या पुस्तकात तांबड्या क्लोव्हरच्या परागीभवनाबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला आहे. तो भुंगा नम्र नव्हे, गुणगुणणारा. ‘हम’ म्हणजे गुणगुणणं, बस.

राहिला ह्युमिलिएट. सोळाव्या शतकात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ होता खाली आणणं, आणि बहुधा स्वतःलाच, देवासमोर. दुसऱ्याने चारचौघांत पाणउतारा करणं हा अर्थ अठराव्या शतकाच्या मध्यापासून जोर धरू लागला. जुना अर्थ मात्र धार्मिक भाषेत बराच काळ टिकला आणि त्याचा एक ठसा आपल्या इतिहासावर आहे. १८५७ च्या उठावाच्या बातम्या पोचल्यावर व्हिक्टोरिया राणीने ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस ब्रिटनभर ‘उपवास, ह्युमिलिएशन आणि प्रार्थना’ यांसाठी जाहीर केला. क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या धर्मोपदेशकाच्या प्रवचनाला तेवीस हजारांहून जास्त लोक जमले. मराठीत या दिवसाचा उल्लेख ‘मानहानी दिन’ असा कोणी केला तर तो साफ चुकेल. दिल्लीत झालेल्या अपमानाचा तो दिवस नव्हता. देवापुढे नाक घासून आपल्या पापांची कबुली द्यायचा तो दिवस होता. आता पापं कोणती मोजली आणि कोणती सोयीने वगळली, हा वेगळा विषय.

सगळ्यांनाच हा गुण गोड वाटला असंही नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये उपास, प्रायश्चित्त, मौन यांच्या पंगतीत ह्युमिलिटीला बसवलं आणि या सगळ्यांना ‘मठवासीयांचे सद्गुण’ म्हणून मोडीत काढलं. बेनेडिक्टच्या शिडीची ही दुसरी बाजू. आणि बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात कबूल केलं की गर्वावर पूर्ण विजय मिळवलाच, तरी मग आपल्या नम्रतेचा गर्व होईल. २०१० मध्ये हॅरिस विटल्स या अमेरिकी विनोदी लेखकाने ट्विटरवर नेमक्या याच रोगाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली आणि ‘हंबलब्रॅग’, म्हणजे नम्रतेच्या आडून मारलेली बढाई, हा शब्द रूढ झाला.

आता माझं पेन कुठे थांबतं ते सांगतो. हंबलच्या अंगात दोन अर्थ एकाच वेळी राहतात. एक बेनेडिक्टचा, गुणाचा. दुसरा व्हर्जिलचा, सखल जमिनीचा, तो कधी गेलाच नाही. ‘हंबल रिक्वेस्ट’ची नम्र विनंती होते, ठीक. पण ‘हंबल बॅकग्राउंड’ची ‘नम्र पार्श्वभूमी’ झालेली मी छापील मजकुरात स्वतः वाचली आहे. तिथे गुणाचा काही संबंध नाही, तिथे साधी, बेताची परिस्थिती असं लिहायचं. ‘हंबल अबोड’ म्हणजे गरिबाचं घर, आणि ते म्हणणारा बहुधा गरीब नसतो. हेही इंग्रजी-मराठीत सारखंच.

सगळ्यात अवघड वाक्य पुरस्कार सोहळ्यातलं : ‘आय ॲम हंबल्ड’. मंचावर उंच उभं राहून, गळ्यात हार घालून, मी खाली आलो म्हणणं. ‘मी नम्र झालो’ हे मराठी नाही. ‘नतमस्तक’ फ्लेक्सवरच्या विनम्र अभिवादनाच्या शेजारचं वाटतं. आपल्याकडची जुनी माणसं सत्काराला उत्तर देताना ‘मला संकोच वाटतो आहे’ एवढंच म्हणत. मी तेच लिहितो, आणि संपादक दर वेळी ते खोडून ‘मी भारावून गेलो’ करतात.